मॅडमच्या दोरीवरचे जोड

कुठलीही हार्ड डिस्क हातात आली की मॅडम आधी ती कानाला लावायच्या. बाजारात टरबूज वाजवून बघतात ना, तसं. आणि म्हणायच्या, "दोघं बी चांगलेच हायत बे. नुसती वळख न्हाई." दोघं म्हणजे ती डिस्क आणि समोरचा कॉम्प्युटर. वळख करून द्यायचं काम मॅडमचं.

माजलगावात आमच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि त्याला खेटून माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर. आधी त्या टायपिंगचा क्लास घ्यायच्या, त्यामुळे अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. बाई असून सगळ्यांना बे म्हणायच्या, बँकेच्या साहेबाला पण. साहेब गुमान ऐकून घ्यायचा, कारण त्यानंही कधीकाळी त्यांची पट्टी बोटांवर खाल्लेली. आता त्या लेकीकडं पुण्याला राहायला गेल्यात. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर आत्ताच नीट बघून घ्या, एवढंच सांगते.

दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी, आणि तिच्यावर चिमट्यांनी लटकवलेले अडॅप्टर. मॅडम त्यांना जोड म्हणायच्या. मेमरी कार्डाचा जोड, लॅपटॉपच्या डिस्कचा जोड, पूर्वीच्या रुंद पट्टीवाल्या डिस्कचा जोड. पंखा लावला की सगळे डुलायचे आणि उंच गिऱ्हाइकाच्या टाळक्याला लागायचे.

एकदा दुपारी काहीच काम नव्हतं, तर त्यांनी क्लासमधला गोल पिनेचा कीबोर्ड माझ्या नव्या मोबाईलला लावायचं मनावर घेतलं. पहिला जोड चालला नाही. मग आत चिप असलेला दुसरा काढला, त्याच्यापुढं टाइप-सीचा लावला, आणि मोबाईलवर टकाटक अक्षरं! मी तर नाचलेच. मॅडमनी टाइप काय केलं होतं? "पाठ सरळ ठेव." मी लगेच ठेवली.

पण मला सांगायचंय ते ट्रॅक्टरचं.

दिवाळी झाली होती, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघाल्या होत्या. एक ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, माणसं. त्यातून एक बाई टॉवेलात गुंडाळलेली डिस्क घेऊन उतरली. तिच्या लग्नाची शूटिंग करणाऱ्यानं धंदा बंद केला होता आणि त्यांच्या गावातल्या सगळ्या लग्नांची डिस्क सकाळीच तिच्या हातात ठेवली होती. तिचे वडील लग्नात हलगीवर नाचले होते. त्याच वर्षी ते वारले.

"त्यांचा एक बी फोटो न्हाई ओ मॅडम," ती म्हणाली. "मोबाईलमधी टाकून द्या. मग सहा म्हैने उसाच्या फडातच हाव आमी."

मॅडमनी डिस्क कानाला लावली, दोरीवरून रुंद पट्टीचा जोड काढला, आणि लाईट गेली.

आता गोष्ट अशी की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण या जाड डिस्कला स्वतःची वेगळी वीज लागते. माझा इन्व्हर्टर बंद पडलेला. बाहेर टोळीचा मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता. लाईट कधी येईल काही भरवसा नाही. बाई टॉवेलाची घडी घालत राहिली.

मॅडम तरातरा बाहेर गेल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, ट्रॅक्टर बंद कर, मला त्याची बॅटरी पाहिजे, चालू इंजिनावर डिस्क हादरंल. तो हादरलाच. म्हणाला, बंद केला तर परत सुरू होत न्हाई, म्हणून तर सकाळपासून चालूच ठेवलाय.

"मग ढकलू की बे."

"कोण ढकलणार?"

"मी."

मुकादमानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चावी फिरवली.

डिस्कला दोन तऱ्हेची वीज लागते, बारा व्होल्ट आणि पाच. बाराची वायर मॅडमनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चिमट्यांनी अडकवली, हो, कपड्यांच्याच. पाचासाठी माझी पॉवर बँक घेतली आणि माझीच चार्जिंगची वायर मला न विचारता कापली. डिस्क बॉनेटवर, लॅपटॉप सीटवर, आणि सगळी टोळी भोवती. क्षणभर काहीच नाही. मग डिस्क घुर्र करून फिरायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला.

पहिली फाईल उघडली तर घोड्यावर नवरदेव म्हणून मुकादमच, डोक्यावर दाट केस. टोळी हसून हसून खाली बसली. मुकादम म्हणाला, आता थांबलोच हाव तर माझं बी घ्या मॅडम. त्याची घाई तिथंच संपली.

तिसऱ्या की चौथ्या फाईलीत ते सापडले. बारीक अंगाचा माणूस, उपरणं हवेत फिरवतोय, हलगीवाल्यालाच दमवतोय. बाईनं स्क्रीनला बोट लावलं. "ह्ये दादा," ती म्हणाली, जशी वडलांशी आमची ओळख करून देतेय. मॅडमनी सगळं तिच्या मोबाईलमध्ये उतरवलं, एकदा चालवून बघितलं, आणि मगच चिमटे काढले.

ट्रॅक्टर अर्थातच सुरू झाला नाही. सगळे उतरले. तिला मात्र कुणी उतर म्हणालं नाही. ती गोधड्यांवर बसून मोबाईल बघत होती. मॅडमनी पदर खोचला आणि ट्रॉलीला हात लावून टोळीतल्या माणसांना दम भरला, पाठ वाकवा बे, नुसते हात कशापायी लावायलाव. मुकादम स्टिअरिंगवर, आणि आम्ही, टोळी, शेजारचा टेलर, सगळे ढकलत उतारापर्यंत गेलो. इंजिन खोकलं आणि धरलं. माणसं पळत पळत चढली.

मॅडम रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभ्या राहिल्या आणि हात हलवायला लागल्या. त्या बाईनं वर बघितलंच नाही. मान खाली घालून ती हसत होती, आणि हलगी आम्हाला वळणापर्यंत ऐकू येत होती.