काळी दोनवर गाणारी सून

माझ्या गाण्याच्या क्लासात पहिल्या दिवशी कुणालाही गायला मिळत नसे. रत्नागिरीत लोकांना याचं फार नवल वाटे. आई मुलीला नटवून घेऊन येई, मुलगी खाकरून गळा साफ करून बसे, आणि मी विचारत असे, "घरी कुत्रं आहे का? मग त्याला हाक मार बघू." आईचं तोंड उतरायचं. काही जणी दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत, आणि मलाही त्यांची आठवण झाली नाही.

हाक मारताना, भांडताना, हसताना माणसाचा आवाज जिथे सहज राहतो, तिथेच आसपास त्याचा सा असतो, हे माझं ठाम मत आहे आणि त्याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. पेटीच्या स्वरांना काळी एक, काळी दोन, पांढरी चार अशी नावं असतात. त्यातला एक स्वर धरून गाणारा आपला सा ठरवतो, ती त्याची पट्टी. बऱ्याच ठिकाणी ही पट्टी शिकवणाऱ्याच्या सोयीची असते. खोलीभर मुली एका पट्टीत बसवल्या की काम भागतं. माझ्याकडे ज्याची त्याची पट्टी निराळी, त्यामुळे एकाचं शिकणं चालू असताना बाकीचे पडवीत पेपर वाचत बसलेले. शेजारचे वकील म्हणायचे, "बाई, क्लास आहे की दवाखाना?" मला राग यायचा, पण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

औषधही मी ज्याचं त्याला देत असे. एका बँकेतल्या गृहस्थांचा आवाज नाकातून यायचा. त्यांना मी महिनाभर नुसता आकार, म्हणजे मोकळा 'आ', लावायला सांगितला. एका मुलीचा आवाज सुईसारखा बारीक, पण असा पळायचा की तिला संथ गाणं देणं म्हणजे शिक्षाच. तिला मी पळू दिलं. शिवाय प्रत्येकाला त्याच्या पट्टीत तानपुरा लावून एक कॅसेट भरून द्यायची. पहाटे ती लावायची आणि तिच्याबरोबर गायचं, एवढाच गृहपाठ.

शतक बदललं त्या सुमारास पालीहून एक बाई यायला लागली. पस्तिशीची असेल. नवरा मुंबईला नोकरीला, ही सासू-सासऱ्यांबरोबर गावात. दर सोमवारी एसटीने यायची, आल्यावर आधी तांब्याभर पाणी प्यायची. मी हाक मारायला सांगितली तेव्हा ती लाजली नाही. मागच्या परसात असलेल्या गड्याला मारावी तशी हाक तिने मारली, आणि बाहेर पेपर वाचणारे सगळे खिडकीशी आले. आवाज खालचा, भरदार, किंचित खरखरीत. मला फार आनंद झाला. असा आवाज रोज दारात येत नाही.

"गावात भजनाला बसतेस का?" मी विचारलं.

"बसते की. पण मला नुसतं तोंड हलवायला सांगतात," ती म्हणाली. "आवाज काढला तर मधी बापया बसलाय असं वाटतं म्हणतात. आणि वरती गेलं की फाटतो पण."

फाटणारच. त्यांचं बायकांचं मंडळ गायचं काळी पाचला. हिचा सा मला सापडला तो काळी दोनला, म्हणजे बरंच खाली, पुरुष गातात त्या पट्टीत. मी म्हटलं, मग एखादा अभंग तुझ्या पट्टीत घ्यायला सांग. त्यावर तिने खरी अडचण सांगितली. मंडळाला पेटीची साथ तिचे सासरे करत. स्वतःच ऐकून ऐकून शिकलेले, गावात मोठा मान, पण बोटं बसलेली फक्त काळी पाचला. दुसऱ्या कुठल्याही पट्टीतून त्यांना वाजवता येत नसे. म्हणजे गावातल्या सगळ्या बायकांचा सा एका माणसाच्या बोटांनी ठरवला होता, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी चिडले. पालीला जाऊन त्यांच्याशी बोलते म्हणाले.

"नको बाई," ती म्हणाली. "बाबांना येत नाही असं माझ्यामुळे चारचौघांत दिसायला नको. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत. मला एकदाच देवीपुढे तोंड उघडून म्हणायचंय, तेवढं बघा."

तेवढं बघायचं मी ठरवलं. नवरात्रात दुपारी देवळात बायकांच्या भजनाचा मान असे. मंडळाच्या प्रमुख बाईंकडून तिने एक अभंग एकटीने म्हणायचं कबूल करून घेतलं. तो पेटीशिवाय, नुसत्या टाळ-मृदंगावर म्हणायचा, असा आमचा बेत. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणायचं, गाण्याच्या बाईंनीच तसं शिकवलंय. खापर माझ्यावर फोडायला माझी काही हरकत नव्हती. पावसाळाभर ती कॅसेट लावून पहाटे स्वयंपाकघरात म्हणत राहिली. मी तिचा खरखरीतपणा घालवला नाही. तो काढला असता तर आवाजातला जीव गेला असता.

नवरात्रात मी मुद्दाम पालीला गेले आणि देवळात खांबाला टेकून बसले. मंडळाचे दोन अभंग झाले, काळी पाचला, नेहमीसारखे वर ताणलेले. मग हिची पाळी आली. तिने सासऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा पेटीशिवाय म्हणते." त्यांनी मान हलवली, पण पेटी काही बाजूला सारली नाही. मला वाटलं, सवयीने हा माणूस काळी पाचचा सूर देणार आणि बिचारी पुन्हा तिकडे ओढली जाणार.

त्यांनी भाता हलवला. सूर आला तो काळी दोनचा. पाठोपाठ त्यांनी दुसऱ्या बोटाने काळी पाच दाबली. त्यांच्या मंडळाचा सा हिच्या सा-चा पंचम, म्हणजे प, होता. तानपुऱ्यात तेच दोन सूर असतात. तिने एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गायला सुरुवात केली. अख्खा अभंग होईपर्यंत त्या माणसाने दोन बोटं जागची हलवली नाहीत. एरवी दोन ओळींच्या मधली जागाही रिकामी न सोडणारा वादक तो. मी रडले, आणि शेजारच्या बाईने मला पदर दिला.

नंतर मी सासऱ्यांना म्हटलं, "साथ छान झाली."

"साथ कुठली बाई? दोन सूर धरून बसलो. पुढं बोटं जात नाहीत." मग म्हणाले, "पहाटे भिंतीपल्याड कॅसेट वाजायची. ही बाजारात गेली तेव्हा ते सूर पेटीवर शोधून ठेवले. हिला नव्हतं सांगितलं, आणखी बुजली असती."

पुढच्या सोमवारी एसटीतून दोघं उतरली. तिच्या आधी पाणी त्यांनी मागितलं. मग माझ्यासमोर मांडी घालून बसले, आणि बाहेरचे पेपरवाले पुन्हा खिडकीशी आले.

मी विचारलं, "आता या वयात कशाला त्रास घेता? सूर धरलात तेवढा पुरे आहे."

"पुरे कसा?" ते म्हणाले. "ती गाते तिथं मला जाता यायला नको? इतकी वर्षं ती माझ्या पट्टीत गप्प बसली."

सून मान खाली घालून पदराचं टोक नीट करत राहिली. मी पेटी त्यांच्याकडे सरकवली आणि पहिलं बोट काळी दोनवर ठेवायला सांगितलं.