चढत गेलेली रेघ

धुळ्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी संख्याशास्त्राचं काम करत होते. शिंदखेडा तालुक्यातल्या काही गावांतल्या मधुमेहाच्या रुग्णांची मूत्रपिंडं कशी आहेत, हे आमचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी तपासत. रक्ताचे आकडे माझ्याकडे येत आणि काळानुसार काय बदललं ते मी कॉम्प्युटरवर बघे.

पाच वर्षांची माहिती जमल्यावर मूत्रपिंडं किती टक्के काम करतात, याच्या सरासरीचा आलेख मी काढला. रेघ हळूहळू वर चढत होती. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "म्हणजे लोक सुधारतायत! पथ्याचं आपण सांगितलेलं ऐकलं म्हणायचं." त्यांनी चहा मागवला.

मलाही आनंद झाला होता. पण बिघडलेली मूत्रपिंडं सहसा अशी सुधारत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक माणसाची वेगळी रेघ काढली. पडदा रेघांनी भरून गेला. एकही रेघ वर जात नव्हती. बऱ्याच सपाट होत्या. काही झपाट्याने खाली येत होत्या आणि मध्येच तुटत होत्या. तुटलेल्या जवळजवळ सगळ्या खाली येणाऱ्याच. कोणी सुधारलंच नव्हतं. सर्वांत आजारी माणसं मोजणीतून गळत गेली, म्हणून सरासरी वाढली होती.

ती गेली कुठे, मी त्या रेघा दाखवून डॉक्टरांना विचारलं. "गाव सोडलं असेल," डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

तुटलेल्या रेघांच्या माणसांची मी यादी काढली आणि आमच्या नर्सताईंबरोबर त्या गावांत गेले. यादीत पहिलं नाव एका अक्कांचं होतं. त्यांच्या ओट्यावर त्यांचे यजमान, आबा, कापसाच्या पऱ्हाट्या मोडत बसले होते. ताईंनी विचारलं, "आबा, अक्का शे का घरमा?"

"ती ते गयी, माय. पोळाना दुसरा रोज."

"वारल्याचं आम्हाला कळवलं नाही?" मी विचारलं.

"कोनले कळाडू?" ते शांतपणे म्हणाले. "कोनी ईचाराले उनंच नही."

विचारायला कोणी आलंच नाही, हे सांगताना त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. अक्कांचे आकडे मला पाठ होते. शेवटचे तीन तर सरळ धोक्याचे होते. ते मीच रकान्यात भरले होते आणि पुढचा रकाना रिकामा आला तेव्हा तो तसाच सोडून पुढे गेले होते.

संध्याकाळपर्यंत आम्ही यादीतली सगळी घरं फिरलो. एक कुटुंब खरंच सुरतेला गेलं होतं. दोन माणसं अंथरुणावर सापडली, त्यांना त्याच दिवशी गाडीत घालून धुळ्याला आणलं. बाकीच्या घरी आबांसारखंच उत्तर मिळालं.

डॉक्टरांनी तो आलेख कुठेच दाखवला नाही. तेव्हापासून तपासणीला कोणी आलं नाही की आठवड्याच्या आत त्याच्या घरी माणूस जातो. अंथरुणावर सापडलेल्या त्या दोघांपैकी एक जण अजून तपासणीला येतो. दुसरा वाचला नाही.