हवालदारांनी केलेलं नवं

"पोटात काय हाय?" हा हवालदारांचा रामराम. समोर दरबारचा कारकून असो की पाणक्या, आधी हा प्रश्न, बाकीचं मागाहून. मी लग्न होऊन जव्हारला आले, तर पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून मलाही तोच विचारला. मी लाजत "पेज" म्हटलं. तर म्हणाले, "पेजेनं काय हुतंय? भाकर खावा."

जर्मनच्या लढाईचे दिवस होते. डोंगरातली पोरं भरतीला गोळा केली होती आणि त्यांना कवायत शिकवायला हे साताऱ्याकडचे हवालदार आणले होते. आमच्या शेजारच्या लांबट कौलारू छपरात ती सगळी राहायची. बंदुका यायच्या होत्या, तोवर खांद्यावर काठ्या. पोरं जामसरची, साखरशेतची, एक तर पार वांगणीचं. मिसरूड न फुटलेली. हवालदारांचा आवाज असा, की ते ओरडले की आमच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबे. तुम्ही हसाल, पण मी या डोळ्यांनी पाहिलंय.

दिवाळी आली. ती सरली की पोरांना डहाणूला नेऊन आगगाडीत बसवायचं होतं. सणाला घरी सोडायचं नाही, असा हुकूम होता. पोर एकदा रानात शिरलं की सापडतंय कुठलं! मग सणाचं जेवण तरी आपण घालू, असं आम्ही शेजारणींनी ठरवलं. माझे यजमान दरबारच्या धान्यकोठीवर. त्यांनी खटपट करून त्याच सालच्या नव्या भाताचे तांदूळ मिळवले. लढाईवर निघालेल्या लेकरांना जुना तांदूळ कसा वाढायचा? भात शिजला तसा आळीभर घमघमाट सुटला. पत्रावळी मांडल्या, वाढलं. आणि पोरं हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

मला मेलीला वाटलं, माझ्या हातचं यांना चालत नाही की काय!

"जेवा!" हवालदार गरजले. तो हुकूम होता, आणि हुकूम मोडला की काय होतं ते पोरांनी पाहिलं होतं. तरी एकही हात हलला नाही. शेवटी वांगणीचं पोर खाली बघत म्हणालं, "नवा भात हाय तो. आमचे घरी नवा झाला का नाय, ठावं नाय. घरातला थोरला देवाला न पितरांना दावतो, मंग खायाचा. आमी आधी खाल्ला तं घरावर येल."

आता छडी बसते, म्हणून मी पदर तोंडाशी नेला. हवालदार मटकन खाली बसले. "आरं लेकरांनो, मग आधी बोलायचं न्हाई व्हय?" त्यांनी स्वतःची पत्रावळही बाजूला सारली. त्या दिवशी दिवाळीला सगळ्यांनी नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हवालदार काठी घेऊन निघाले. मी विचारलं, "कुठं हो?"

"पोरांच्या घरी. नवं झालंय का बघून येतो."

"अहो, तुमच्यामागे एखादं पळालं तर दंडावरची फीत जाईल तुमची!"

"जाऊ दे की. मनात भ्या घिऊन गेलेलं पोर काय लढंल?" मग पोरांकडे वळून म्हणाले, "म्या येस्तवर हलायचं न्हाई." आणि गेलेसुद्धा.

माझा जीव टांगणीला. पोरांची गावं त्याच डोंगरात, वाट मोकळी, अडवायला कोणी नाही. पण एकानेही अंगण ओलांडलं नाही. वाटेकडे तोंड करून बसून राहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवस कलायला हवालदार आले. पाय धुळीने माखलेले, पटक्यात बांधलेल्या पळसाच्या पानांच्या पुड्या. घराघरातला नवा भात! ज्यांच्याकडे व्हायचं होतं त्यांनी हवालदारांसमोर केलं होतं. ज्याच्या घरची पुडी त्याच्या हातात दिली. शिळा, कडक झालेला भात. पोरं तो खाता खाता रडत होती, आणि मोजून तेवढा घास असूनही एकमेकांना देत होती.

वांगणीच्या घरात मात्र एकटी आईच होती. थोरलं माणूस नाही, नवं करणार कोण? तिने या परमुलखातल्या माणसाला विचारलं, "माझे पोराला तू नेतोस ना? मंग त्याचा थोरला तूच." आणि देवापुढे बसवलं.

"बसलो," हवालदार आम्हाला म्हणाले. तेवढंच.

वांगणीच्या पोराने सांगितलं, "आता दर साल यावं लागंल तुला."

"येतो की."

निरोपाच्या वेळी माणसं काय वाटेल ते बोलतात हो. पण हे आले! लढाई संपली, वांगणीचं पोर काही परतलं नाही. हवालदार पेन्शन घेऊन गावी गेले. तरी दर दिवाळीला नाशकाहून मोखाड्याच्या वाटेने, मिळेल त्या बैलगाडीत बसून यायचे. आमच्याकडे भाकरी खायची आणि वांगणीची वाट धरायची. यजमान एकदा म्हणाले, "पोर गेलं. आता कशाला एवढी दगदग?"

"पोर गेलं. घर हाय की," हवालदार म्हणाले.

एका साली आले नाहीत. निरोप नाही, सांगावा नाही. शिमगा तोंडावर आला तेव्हा ती वांगणीची आई चालत माझ्या दारात आली. कणगीतल्या नव्या भाताला तिने हात लावला नव्हता, नाचणीवर दिवस काढले होते.

"हवालदार आला का, बाय?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "मंग गेलाच तो. जित्ता आसता तं आला आसता."

मला हुंदका आवरेना. तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आता मीच थोरली. उद्या नवा करीन. माझे पोराचे बाजूला त्याचा पान मांडीन. पितरांना नावाने हाक मारायची आसते. त्याचा नाव काय होता?"

मला ते माहीतच नव्हतं. इतकी वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस! आत जाऊन यजमानांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"हवालदारच म्हण," मी सांगितलं.

"तसाच हाक मारीन," ती उठत म्हणाली. "घरचा हाय. येल."