तारमास्तरांचं पाणी

“संशय घ्या, पण जवळ येऊन घ्या,” असं तारमास्तर म्हणाले आणि मी इतका जवळ गेलो की माझ्या नव्या उपरण्याचं टोक त्यांच्या बरणीत बुडालं. घरी पोचेतो त्याचा तांबडा काठ पांढराफटक.

मास्तर आमच्याच आळीतले, तारखात्यातले पेन्शनर. बरणीत मिठाचं पाणी, त्यात कोळशाच्या दोन कांड्या, कांड्यांना बॅटरीच्या तारा. बुडबुडे येत, नाकाला झणझणे आणि मास्तर म्हणत, “झालं औषध. विहिरीत रोज बाटलीभर ओतायचं. पटकीचे जंतू खलास.” गंगेपलीकडे पंचवटीत तेव्हा पटकीनं माणसं जात होती आणि अख्ख्या आळीला विहीर एकच.

पण मिठावरून देशभर लाठ्या खाऊन झालेले ते दिवस. मिठात वीज सोडणारा माणूस सरकारचा की सरकारविरुद्धचा, हेच कोणाला ठरवता येईना. मी तर उपरणं पुरावा म्हणून घरोघर फिरवलं. “काठाचं हे झालं, आतड्याचं काय होईल?”

मास्तर बाटली घेऊन विहिरीवर आले, तेव्हा आळीतल्या थोरल्या माई रहाट धरून उभ्या राहिल्या.

“उद्या एकादशी. तुमचं मीठ समुद्राचं. साऱ्या आळीचा उपास मोडायचाय का?”

कोणी हसलं नाही. उपासाला खाणीतलं शेंदेलोणच चालतं. मास्तरांनीही मान डोलावली.

“खरंय माई. आमची ही असती तर तिनं वेळेवर सांगितलं असतं.”

त्यांची बायको मागल्या साथीत गेली होती. माईंनी रहाट मात्र सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर शेंदेलोणाचं औषध करून आले. माईंनी उरलेला खडा मागून घेतला, नीट निरखला आणि रहाट सोडला. मी कठड्यावर बसून, आधी कोण आडवं होतंय ते पाहत राहिलो. कोणीच झालं नाही. पटकी आमच्या आळीत शिरलीच नाही.

“तुमच्या औषधानं?” मी विचारलं.

“कोण जाणे. तुम्ही संशय ठेवा, मीही ठेवतो,” मास्तर म्हणाले, आणि रोजच्यासारखी बाटली विहिरीत ओतली.

दिवाळीआधी लेक त्यांना भुसावळला घेऊन गेली. बरणी, तारा, सगळं गेलं. दुसऱ्या सकाळी मी निर्धास्तपणे घागर भरून आणली. बायकोनं ती थेट चुलीवरच्या पातेल्यात ओतली.

“अगं, आज तर त्यात काहीच घातलेलं नाही.”

“म्हणूनच उकळतेय,” ती म्हणाली.