हाराआडचा हिरवा दिवा

सकाळचे आठ वाजून चौदा मिनिटं झाली होती आणि प्रेमानंद हिवाळे नोंदवहीत तेरा ऑक्टोबरची ओळ भरत होता. तारीख, वेळ, बॅटरीचा आकडा, कुलूप ठीक, चौथरा स्वच्छ. शेवटचा रकाना हिरव्या दिव्याचा. त्यात 'चालू' लिहून त्याने पेन उचललं, तेवढ्यात जमीन हलली.

आधी आवाज आला. भरलेली ट्रॉली पायाखालून जावी तसा. मग खिडकीचे गज वाजले, टेबलावरचा पाण्याचा तांब्या सरकत काठाशी आला, आणि छताचे पत्रे एकदम कडकडले. सात-आठ सेकंदांत सगळं थांबलं. तलावाच्या भिंतीवरचे बगळे उडाले होते, ते परत बसले नाहीत.

प्रेमानंद घाबरला नाही. घाबरण्याच्या आधी त्याला यंत्र आठवलं. तेरा वर्षं यंत्राचा राखणदार म्हणून तो या सात सेकंदांसाठी रोज सकाळी हे कुलूप उघडत आला होता. जमीन हलली की हिरव्या दिव्याशेजारचा पिवळा दिवा लुकलुकतो, नोंद झाली असं समजायचं, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तो चौथऱ्याशी गेला. यंत्रावर वाळलेल्या झेंडूचा हार होता. त्याने तो उचलला.

पिवळा दिवा बंद होता. हिरवाही बंद होता.

अमडापूरपासून नऊ किलोमीटरवर एका गावाचा सिंचन तलाव आहे. तलावाच्या भिंतीजवळ चौकीदाराची खोली आणि तिला लागून ही दुसरी, दहा बाय आठची. खोलीच्या मधोमध काँक्रीटचा चौथरा, फरशीपासून बोटभर फट सोडून थेट खडकावर उभा केलेला. त्यावर चार बोल्टांनी आवळलेली लोखंडी पेटी. दूरच्या देशातले बारीक हादरे टिपणारी यंत्रं वेगळी. ही पेटी इथली जमीन जोराने हलली तरच जागी होते आणि किती हलली, कोणत्या दिशेने, किती वेळ, ते कार्डावर लिहून ठेवते. अशा पेट्या ठिकठिकाणी आहेत. धरणं आणि इमारती बांधणाऱ्यांना त्यांचे आकडे लागतात. इथे मोबाईलची रेंज नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी भूकंपमापन केंद्रातून अविनाश नावाचा इंजिनिअर येतो आणि कार्ड बदलून नेतो.

कार्डाइतकीच किंमत प्रेमानंदच्या वहीला होती. पलीकडच्या टेकडीवर दगडाची खाण आहे. सुरुंग उडाला की पेटी जागी व्हायची. प्रेमानंद वेळ लिहायचा: 'दुपारी १.०५, सुरुंग'. केंद्रात ती वही समोर ठेवून खोट्या नोंदी वेगळ्या काढत. अविनाशने एकदा सांगितलं होतं, की एवढी नीट वही दुसऱ्या कुठल्याच ठाण्यावर नाही. प्रेमानंदने ते बायकोला, चांगुणाला, त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही.

चूक खंडेनवमीला झाली होती.

शेजारच्या खोलीतले उकंडराव हे कालव्याचे चौकीदार. निवृत्तीला पाच महिने उरलेले. खंडेनवमीला ते कालव्याच्या दारांची चाकं, फावडी, टिकाव, मोटारसायकल, सगळ्याची पूजा करत. पेटी बसवली त्या वर्षापासून तिचीही करत. "लोखंडाची हाये ना? मंग तिचाबी मान हाये," असं म्हणत. प्रेमानंद बौद्ध. तो पूजेला उभा राहत नसे, पण कुलूप उघडून देत असे. तीन वर्षांपूर्वी उकंडरावांनी नारळ थेट चौथऱ्यावर फोडला. नोव्हेंबरात अविनाश कार्ड वाचत होता. तो म्हणाला, "नऊ वाजून पाच मिनिटांनी इथे काय झालं होतं?" प्रेमानंदने खाली पाहत सांगितलं, "नारळ." अविनाश हसला होता, पण वरून लेखी समज आली होती.

तेव्हापासून प्रेमानंद पूजेपुरती पेटी बंद करायचा. वीस मिनिटं. मग पुन्हा चालू. हे त्याने वहीत कधी लिहिलं नाही.

यंदा त्याच दिवशी सकाळी नागपूरला जायची जीप आली. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. वस्तीतली सगळी माणसं गाडीत बसलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. आठ बावन्नला प्रेमानंदने खटका वर करून पेटी बंद केली आणि म्हणाला, "भाऊ, नारळ झाला का हा खटका खाली करजा. इसरू नका."

"अरे जाय ना बे, मी का लहान लेकरू हाओ?" उकंडराव म्हणाले.

ते विसरले. नारळ फोडला, मजुरांना खोबरं वाटलं, पेटीला हार घातला, कुलूप लावलं.

तीन तारखेला प्रेमानंद परत आला तेव्हा दोन्ही दिव्यांवर हार होता. हात लावला असता तर दिसलं असतं. पण दुसऱ्याने श्रद्धेने घातलेला हार वस्तीतल्या माणसाने काढला, असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्याने तो तसाच ठेवला. दरवर्षी चार-पाच दिवसांनी उकंडराव स्वतःच तो उतरवून तलावात सोडत. यंदा त्यांचं गुडघ्याचं दुखणं निघालं आणि तेही राहिलं. बॅटरीच्या मीटरचा आकडा नेहमी बारा-आठ व्होल्ट असायचा, तो तेरा-सहा दिसत होता. बॅटरी सुधारली म्हणून प्रेमानंदला बरंच वाटलं. पेटी बंद, म्हणून बॅटरी नुसती भरत होती, खर्चच होत नव्हती.

अकरा दिवस, अकरा ओळी. हिरवा दिवा, चालू.

हादऱ्याने गावात माणूस दगावला नाही. शाळेच्या दोन वर्गांच्या भिंतींना कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत भेगा गेल्या. पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, इथे यंत्र आहे ना, त्यात काय आलं? भिंती पाडायच्या की दुरुस्त करायच्या, ते ठरवायला आकडा लागत होता. आकडा नव्हता. मुलं समाजमंदिरात बसू लागली.

चहाच्या टपरीवर गोकुळ पानवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन बे प्रेमानंद, तेरा साल म्हणत होता, जमीन हलली का माही पेटी सांगते. मंग? झोपली होती का?"

"हाव," प्रेमानंद म्हणाला. "झोपली होती."

लोक हसले. त्याने चहा अर्धाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी अविनाश आला. त्याने पेटीला लॅपटॉप जोडला आणि नोंदी वहीशी ताडून पाहिल्या.

"एक तारखेला आठ बावन्नला हाताने बंद केलीय. त्यानंतर कोरं. वहीत मात्र तीन तारखेपासून रोज चालू." त्याने वही मिटली. "दिवा पाहिला होता?"

"नाही साहेब."

अविनाशने खिडकीबाहेर पाहिलं. "हे बघा, खोलीत परवानगीशिवाय बाहेरचा माणूस आला, त्याने खटका बंद केला, हाराने दिवा झाकला. असा खुलासा दिलात तर मी नवं कुलूप बसवतो, ठाणं इथेच राहतं. तुमच्या वहीलाही कोणी हात लावत नाही. नाहीतर वर एकच प्रश्न विचारतील. अकरा दिवस न पाहता लिहिलं, तर तेरा वर्षांचं पाहून लिहिलं कशावरून?"

"अन् बाहेरच्या माणसाचं?"

"त्याच्या खात्याला पत्र जाईल."

उकंडराव दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अविनाश जीपकडे गेल्यावर ते काठी टेकत आत आले.

"लिही ना बे माहं नाव. इसरलो तं मीच."

"तुमचे पाच महिने राह्यले भाऊ."

"मले पाच महिने काढता येतात. तुही वही जाईन."

"तुम्ही नारळ फोडला," प्रेमानंद म्हणाला. "वहीत चालू कोणं लिहिलं?"

खाली पडलेला वाळका हार उकंडरावांनी वाकून उचलला, खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळला आणि निघून गेले.

खुलासा सहा ओळींचा होता. पूजेपुरती पेटी मी स्वतः बंद केली. याआधी दोन वर्षंही केली आणि वहीत लिहिलं नाही. पुन्हा चालू झाली की नाही ते पाहिलं नाही. दिव्यावर हार होता, तो मी उचलला नाही. न पाहता अकरा दिवस 'चालू' लिहिलं. कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं नाही. खाली सही, तारीख.

उत्तर यायला पंधरवडा गेला. मधल्या काळात पेटी चालू होती. प्रेमानंद रोज जायचा, दिव्यासमोर उकिडवा बसून पाहायचा, मग लिहायचा. खाणीत दोनदा सुरुंग उडाला, दोन्ही वेळा पिवळा दिवा लुकलुकला. त्याने वेळ लिहिली. त्या वेळा आता कोणी वापरणार नाही, हे अविनाशने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. तेरा वर्षांतल्या सुरुंगांच्या नोंदीही यादीतून काढल्या होत्या. त्यांच्याबरोबर खऱ्या असू शकतील अशा दोन लहान हादऱ्यांच्या नोंदीही गेल्या, कारण त्या खऱ्या म्हणायला वहीशिवाय दुसरा आधार नव्हता.

पत्र शुक्रवारी आलं. ठाणं इथून हलवून बुलढाण्यातल्या एका सरकारी इमारतीत न्यायचं. राखणदाराची गरज नाही. तिथे रेंज आहे.

चांगुणाने विचारलं, "उद्यापासून जायचं नाही का मंग?"

"उद्या जायाचं हाये."

उद्या सकाळी साडेदहाला केंद्राची जीप येईल. चौथऱ्यावरचे चार बोल्ट सतरा नंबरच्या पान्याने निघतात आणि तो पाना उकंडरावांच्या खोलीत आहे. त्याआधी, आठ दहाला, कुलूप उघडून बॅटरीचा आकडा आणि दिवा पाहून एक ओळ लिहायची आहे.