मोठ्या मावशींची नवी भुतं

सबंध मावळ तालुक्यात भुतांवर मोठ्या मावशींइतकं प्रेम करणारं आणि त्यांच्यावर मावशींइतका कमी विश्वास ठेवणारं दुसरं माणूस सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मोठ्या मावशी म्हणजे माझ्या बायकोच्या सर्वांत थोरल्या मावशी. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यापासून लोणावळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजं फूल, आणि भिंतींना खालपासून वरपर्यंत नुसत्या भयकथा. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चाचरत विचारलं की मावशी, हे दोन्ही एका खोलीत कसं काय. त्या म्हणाल्या, "आपल्या घरात भूत मानत नाहीत, जावईबापू. म्हणून तर निवांत वाचता येतं. मानणाऱ्यांना कसली आलीय मजा? ते बिचारे नुसतेच घाबरतात."

बरं, भूत म्हटलं की कुठलंही चालतं असंही नाही. मावशींना ते ताजं लागतं. बाजारात मासळी घेताना बायका कल्ले उघडून बघतात, तशा मावशी नवं पुस्तक मधेच कुठेतरी उघडून चार ओळी वाचतात आणि जागच्या जागी निकाल देतात. वडाचं झाड आलं की पुस्तक बाजूला. पांढऱ्या साडीतली बाई आली की ज्यानं ते आणून दिलं त्याच्याकडेच परत. "इतकी वर्षं रानावनात हिंडते आहे आणि साडी पांढरीशुभ्र," त्या म्हणतात, "हिचं धुणं कोण धुतं ते आधी सांगा म्हणावं." त्यांना आवडतात ती अलीकडची पोरं लिहितात ती भुतं. सोमाटण्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या टॉवरसारख्या एका टॉवरमधली लिफ्ट, जी अजून बांधलाच नाही अशा मजल्यावर थांबते आणि दार उघडल्यावर समोर चपला काढून ठेवलेल्या असतात. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की वर येणारं बुडालेलं गाव, आणि रोज सकाळी त्या गावातलं एकच अंगण झाडलेलं दिसतं. फोनवर कर्जाची चौकशी करणारी एक गोड आवाजाची मुलगी, जी शेवटी हळूच विचारते की तुमच्या मागे उभे आहेत त्यांनाही कर्ज हवंय का. असं काही हाती लागलं की मावशींचा चेहरा उजळतो. मग ते पुस्तक वाचून होतं, आणि लगेच कोणाला द्यायचं हा विचार सुरू होतो.

हे देणं मोठं जोखमीचं. मावशी माणसाकडे बराच वेळ बघतात, दोन-चार साधे प्रश्न विचारतात आणि डॉक्टरनं औषध निवडावं तशी त्याची भीती निवडतात. त्यांच्या दाताच्या डॉक्टरला त्यांनी एक पुस्तक दिलं. तेव्हापासून तो पेशंटला तोंड उघडायला सांगण्याआधी जरा थांबतो म्हणे. मला त्यांनी दिलं ते एका कुटुंबाबद्दल होतं. घरात जेवायला बसलं की पान एक कमी पडतं. मोजावं तर माणसं एकानं जास्त. पण जास्तीचं कोण ते कोणालाच सांगता येत नाही, कारण सगळेच चेहरे ओळखीचे. मी ते वाचलं आणि आठवडाभर आमच्या तळेगावच्या फ्लॅटमध्ये येता-जाता माणसं मोजत होतो. आम्ही दोघंच आहोत, तरी मोजत होतो. बायको म्हणाली, "तुला काय झालंय?" मी सांगितलं नाही. ती मोजायला लागली तर जास्तीचा मीच निघेन, हा विचार मनात आला होता.

वाचायची वेळ मात्र मावशींची ठरलेली, ती दुपारची. रात्री भयकथा वाचणाऱ्यांना त्या कच्चे समजतात. अंधारात कोणीही घाबरतं, त्यात लेखकाची काय करामत, असं त्यांचं म्हणणं. खरी कसोटी दुपारची, भांडी घासून झालेली असतात, रस्ता गप्प असतो आणि घरातल्या वस्तू आपापल्या जागी जरा जास्तच नीट बसलेल्या वाटतात तेव्हाची. पावसाळ्यात त्यांच्या खिडकीतून ढग सरळ खोलीत शिरतो. कपाटं दिसेनाशी होतात, मूर्तीपुढचं फूल तेवढं दिसत राहतं. मी एकदा खिडकी लावायला उठलो तर त्यांनी पानावरून नजर न काढता सांगितलं, "राहू द्या. मी काय वाचते ते बघायला आलाय."

गुरुवारी मात्र मावशी घरी सापडत नसत. कुठे जातात ते बायकोलाही माहीत नव्हतं. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचा गुडघा दुखावला आणि एसटीची पायरी चढवेना, तेव्हा त्यांनी मला फोन केला. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची असते, हे त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. "गाडी काढा," म्हणाल्या, "आणि तोंड बंद ठेवता येत असेल तरच या."

त्यांना घेऊन मी कामशेतवरून पुढे आलो आणि हमरस्ता सोडून आंदर मावळात वळलो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वर ढग इतका खाली की डोंगर अर्धेच. शेवटी एका घरापाशी मावशींनी गाडी थांबवायला सांगितली. पायरीवर एक पिवळं कुत्रं पसरलं होतं. ते माझ्यावर असं काही भुंकलं की घरातली सूनबाई हातातलं काम टाकून बाहेर आली. ओट्यावर घोंगडीवर एक म्हातारी बसली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळे उघडे पण विझलेले. "बाई आल्या व्हय?" ती म्हणाली. "आन् ह्यो कोण संगं? पायाचा आवाज नवा हाय."

या हिराबाई, आणि बाहेर आली ती त्यांची सून. मावशींची पहिली नेमणूक याच गावात झाली होती. तेव्हा राहायला जागा मिळेना. मावशींचं नाव-गाव ऐकल्यावर जी दारं बंद झाली, त्यांच्याविषयी मावशी बोलत नाहीत. हिराबाईंनी मात्र आपली पडवी दिली. चुलीपाशी बसून त्या या नव्या मास्तरीणबाईंना भुताच्या गोष्टी सांगायच्या, ओढ्यावरच्या, खिंडीतल्या, गोठ्यातल्या. मावशींना भुतांचा नाद लागला तो तिथे. पुढे हिराबाईंची नजर गेली, दिवस सरता सरेना, तेव्हा मावशी पुस्तकं घेऊन येऊ लागल्या. पण जुनं काही चालेना. चार वाक्यं झाली की हिराबाई हात वर करायच्या. "ही ठाव हाय. म्याच सांगितलीया तुमास्नी. नवी न्हाई का?" मावशींच्या घरातल्या त्या भिंती कशाने भरल्या हे मला तेव्हा कळलं.

हिराबाईंबद्दल आणखी एक गोष्ट मावशींनी मला परतीच्या वाटेवर सांगितली. त्यांचा नवरा तरुणपणीच बैल विकत घ्यायला म्हणून गेला तो आलाच नाही. ना बैल आला, ना माणूस, ना काही निरोप. मेला म्हणावं तर कोणी पाहिलं नाही. लोकांनी पुष्कळ सांगितलं, पण हिराबाईंनी कुंकू पुसलं नाही आणि त्याचं नावही पुन्हा काढलं नाही.

भाद्रपदात मावशींकडे एक नवा कथासंग्रह आला. त्यातली एक गोष्ट अशी होती की एका घराच्या फाटकाशी रोज दुपारी कोणीतरी येऊन उभं राहतं. ते काही करत नाही, नुसतं उभं असतं. घरातल्यानं बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. आणि जो बोलावतो तो दुसरी सकाळ बघत नाही. मावशींनी ती वाचली, तेव्हा हिराबाईंनी आपल्या फाटकाकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे बोलावल्याबिगर येत न्हाईत व्हय?" पुढच्या गुरुवारी त्यांनी तीच गोष्ट पुन्हा मागितली. मावशी चकित झाल्या. एक गोष्ट दोनदा ऐकायची हे हिराबाईंनी कधी केलं नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तीच.

त्या दिवशी ढग अंगणात उतरला होता. फाटक दिसत होतं, पलीकडचा रस्ता दिसत नव्हता. मी ओट्याच्या कडेला बसलो होतो, मावशी वाचत होत्या, आणि मधेच हिराबाईंनी हात वर केला.

"फाटकात कोण हाय बगा, बाई."

मावशींनी पाहिलं. मी पाहिलं. "कोणी नाही, हिराबाई."

"हाय."

तेवढ्यात ते पिवळं कुत्रं उठलं. इतके गुरुवार जाऊनही मला पाहिलं की भुंकणारं ते कुत्रं फाटकाकडे बघत राहिलं, मग गुपचूप पायरीवरून खाली उतरलं आणि बाजूला जाऊन बसलं, कोणाला तरी वाट दिल्यासारखं. मावशींचं बोट ओळीवरच थांबलं होतं.

"बोलावू का?" हिराबाईंनी विचारलं.

"गोष्ट आहे ती," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "कोणीतरी लिहिलेली गोष्ट."

"व्हय, गोष्टच. पर बोलावू का?"

मला वाटलं मावशी आता शाळेतल्यासारखं समजावून सांगतील, की मेलेलं माणूस परत येत नसतं. आयुष्यभर त्यांनी तेच शिकवलं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं. फाटकाकडे पाहिलं, हिराबाईंच्या कपाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घर तुमचं आहे, हिराबाई. माणूसही तुमचा. बोलवा."

हिराबाई सावरून बसल्या. पदर नीट केला. आणि एखाद्या पाहुण्याला म्हणावं तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "या. लय उशीर केला."

काहीच झालं नाही. ढग तसाच राहिला. आतून सूनबाई चहा घेऊन आली आणि सगळे असे गप्प का बसलेत म्हणून आमच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मी मावशींना फोन केला, तर त्यांनी आधीच गावाकडे फोन करून विचारलं होतं. हिराबाई ठणठणीत होत्या. उठून भाकरी मागून घेतली होती म्हणे.

पण एक गोष्ट बदलली. पुढच्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "आता भ्या न्हाई वाटत, बाई. दुसरं कायतरी वाचा." मावशींवर असा प्रसंग कधी आला नव्हता. जन्मभर जमवलेल्या पुस्तकांत भूत नसलेलं एक सापडेना. मग प्रवासवर्णनं आणली, पाकक्रियांची पुस्तकं आणली, एकदा तर पाचवीचं भूगोलाचं पुस्तक वाचलं. हिराबाई सगळं आनंदानं ऐकायच्या. थंडी सरता सरता एका दुपारी ऐकता ऐकता त्यांना झोप लागली, त्यातून त्या उठल्याच नाहीत.

त्यानंतर मावशींनी नवी पुस्तकं घेणं थांबवलं. आलेली पार्सलं फोडलीही नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "एकटीनं वाचून भीती वाटत नाही हो. समोर कोणीतरी लागतं." असे दोन महिने गेले असतील. मग सूनबाईचा फोन आला. ती म्हणाली, "बाई, तुमी येत जा. घर लय गप झालंय. आन् म्या चुलीपासनं समदं ऐकत व्हते. भ्यानं भाकरी करपायच्या माज्या, पर जागचं उठवायचं न्हाई."

आता आम्ही पुन्हा जातो. मावशी पार्सलं फोडू लागल्या आहेत, आणि सूनबाईला कुठली भीती मानवेल यावर त्यांचा विचार चाललेला असतो. मागच्या गुरुवारी एका नव्या लेखिकेची गोष्ट होती. सूनबाई समोर तांदूळ निवडत बसली होती, मावशींच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. मावशी मात्र फाटकापर्यंत ऐकू जाईल असा चढा आवाज लावून वाचत होत्या. शेवटी शेवटी हिराबाईंना ऐकूही कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे तशी सवय झाली असेल, असं मी मनाशी म्हटलं.