गिरणीखालचं गाणं

मेहकरच्या बसस्टँडमागे संघपाल सरकटेचा स्टुडिओ आहे. एक खोली, भिंतींना जुन्या गोधड्या, आणि पलीकडे पिठाची गिरणी. गिरणी काही थांबत नाही. म्हणून गाणं रेकॉर्ड झालं की संघपाल संगणकावर एका प्लगिनने तिची घरघर पुसून टाकायचा. प्लगिन म्हणजे गाण्याच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं छोटं हत्यार. हे त्याला फार पूर्वी फुकट मिळालं होतं. बनवणाऱ्याची वेबसाइटही आता उघडत नाही.

या महिन्यात जुना संगणक गेला आणि नवा आला. त्याच आठवड्यात दीपमालाचा फोन आला. तिची आई भिमाबाई जाऊन रविवारी वर्ष होणार होतं.

"भाऊ, पुण्यानुमोदनाले आईचं ते शेवटचं गाणं लावाचं हाये. हाये ना तुमच्यापाशी?"

"हाये ना," संघपाल म्हणाला.

भीमजयंतीसाठी गायलेलं ते गाणं बारा वर्षांपूर्वीचं. शेवटचं कडवं पुन्हा म्हणते, असं भिमाबाई म्हणाली होती, म्हणून त्याने पक्की प्रत काढलीच नाही. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पुढे बाजारात भेटली की ती बोट कानाजवळ न्यायची. माझं गाणं? "करतो ना आत्या," तो म्हणायचा.

शुक्रवारी त्याने जुनी डिस्क नव्या संगणकाला जोडून गाणं उघडलं. दुसरी प्रत नव्हती. पडद्यावर सूचना आली, एक प्लगिन सापडलं नाही. ती वाचता वाचताच त्याच्या डाव्या हाताने 'सेव्ह' दाबलं. भारनियमनाच्या दिवसांतली सवय. लाइन कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून मिनिटामिनिटाला सेव्ह. सॉफ्टवेअरने सगळं जपून ठेवलं. जे सापडलं नव्हतं, ते प्लगिन आणि त्यातल्या त्याच्या सेटिंगा, तेवढं मात्र पुसलं गेलं.

त्याने गाणं लावलं. गिरणीच आली. तिच्या तळाशी कुठेतरी, विहिरीतून हाक मारावी तशी, भिमाबाई.

नवं प्लगिन लावून पाहिलं. गिरणी गेली, आणि भिमाबाईच्या आवाजातली खरखरही गेली. उरलं ते कोण्याही बाईचं गाणं.

खामगावचा शेखर याच धंद्यातला. तो फोनवर हसला. "बत्तीस बिटचं, जुन्या जमान्यातलं हाये बे ते, नव्याले त्याची बोलीच समजत नाही. मधात ब्रिजचं सॉफ्टवेअर टाक, दुभाष्यासारखं. पण सांभाळून. पडलं त सगळं घेऊन पडते."

"अन् माह्या सेटिंगा?"

"त्या तुह्या बोटाले विचार."

शनिवारी दुपारी दीपमाला पेनड्राइव्ह घेऊन आली आणि स्टुलावर बसली.

"काऊन घाम येऊन राह्यला भाऊ?"

"गरमी हाये."

"पंखा त चालू हाये."

तो पडद्याकडे वळला. जुन्या डिस्कवरून प्लगिन घेऊन ब्रिज टाकल्यावर सॉफ्टवेअर तीनदा बंद पडलं. चौथ्यांदा जुन्या प्लगिनची करडी खिडकी उघडली. सगळे आकडे शून्यावर. कोणता आवाज पुसायचा, तो नुसता ऐकवा, असं ती मागत होती. पण गाण्यात नुसती गिरणी कुठे होती? सगळीकडे ढोलकी, नाहीतर भिमाबाई.

मग त्याला आठवलं. गाण्याआधी भिमाबाई हात जोडून, डोळे मिटून उभी राहायची. श्वाससुद्धा धरून. एकदा तो म्हणाला होता, "आत्या, रेकॉर्डिंग चालू हाये." ती म्हणाली होती, "चालू दे. तुही गिरणी बी त चालूच हाये."

इतरांच्या गाण्यांची अशी सुरुवात तो कापून टाकायचा. तिची कापायला त्याचा हात धजला नव्हता.

तिथे नुसत्या गिरणीचे सात सेकंद होते. आठव्याला तिचा श्वास. निवडीची सीमा जराशी पुढे गेली असती तर प्लगिनने श्वासालाच गिरणी समजून तो गाण्यातून सगळीकडे पुसला असता. माऊसवरचा हात त्याने दुसऱ्या हाताने धरला. सात सेकंद निवडले, प्लगिनला ऐकवले. मग हेडफोन लावून मधलं एक कडवं ऐकलं. गिरणी नव्हती. भिमाबाई होती, खरखरीसकट.

आता सेव्ह करायचं होतं. डावा हात मांडीवरून उचलेना.

"झालं?"

"सेव्ह कराचं राह्यलं. मले भेव वाटते, दीपमाला." आणि त्याने तिला शुक्रवारचं सगळं सांगितलं.

"आई वर्षानुवर्षं बोट दाखवत होती भाऊ तुमाले," ती म्हणाली. मग उठून आली. "कोणतं बटन?"

त्याने दाखवलं. तिने दाबलं. करडी खिडकी पांढरी पडली, थरथरली, परत आली.

"सुरुवातीपासून लावा."

हेडफोन एकच होता. तो त्याने तिला दिला आणि गाणं सुरू केलं. त्याला आता पलीकडची गिरणीच ऐकू येत होती, आणि दिसत होता तिचा चेहरा.

"काहीच नाही येऊन राह्यलं, भाऊ."

तो मनात मोजत होता. चार. पाच.

"भाऊ, काहीच नाही."

सहा. सात.

दीपमालाचा हात हेडफोनवर घट्ट झाला. तिने डोळे मिटले.

"आईनं दम घेतला," ती म्हणाली.